काटकसरीचे कोकणसंशोधन

निवृत्तीचे वय दृष्टिपथात आले की पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय मनुष्यास जे विकार जडतात, त्यांत रक्तदाब आणि मधुमेह यांच्या खालोखाल कोकणात घर बांधण्याच्या इच्छेचा क्रम लागतो. पहिल्या दोहोंवर निदान गोळ्या मिळतात. तिसऱ्यावर आप्तेष्ट ‘एकदा जाऊन तर या’ एवढेच सुचवतात, आणि रोगी डिसेंबरात, हवा सुखद व समुद्र शहाण्यासारखा वागत असताना, एखाद्या रिसॉर्टात दोन रात्री काढून आजार बळावलेल्या स्थितीत परततो. प्रस्तुत लेखात अशा मनुष्यास ‘इच्छुक’ म्हटले आहे. त्याने किनारा कमीत कमी खर्चात आणि शक्य तितक्या गैरसोयीने पाहावा, असे या लेखाचे प्रतिपादन असून, त्यामागे कंजूषपणा नाही असे म्हणता येत नसले, तरी निव्वळ कंजूषपणाच आहे असेही नाही.

इच्छुकास जे जाणून घ्यायचे असते नेमके तेच त्याच्या नजरेआड ठेवण्याची किंमत रिसॉर्टाच्या भाड्यात धरलेली असते. वीज गेली की पाहुण्याच्या लक्षात येण्यापूर्वी जनरेटर सुरू होतो, विहीर तळाला गेली तर टँकर मागच्या बाजूने येऊन जातो, आणि वीज, पाणी व डास या तीन मूलभूत विषयांत पाहुणा आला तसा कोरा परततो. याउलट ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय होईल’ अशी हाताने रंगवलेली पाटी पाहून जो आत शिरतो, त्याचे शिक्षण पहिल्याच रात्री सुरू होते. पंखा थांबतो, यजमान ‘गेली’ असे एकाक्षरी नव्हे पण एकशब्दी निवेदन करून अंगणात खुर्च्या मांडतात, आणि ‘येईल कधी?’ या प्रश्नास मिळणारे ‘येईल’ हे उत्तर वेळदर्शक नसून तत्त्वज्ञानपर आहे, हे इच्छुकास अंधारात उमजते.

प्रवासाच्या साधनांबाबतही हाच न्याय लागू होतो. स्वतःच्या मोटारीने जाणाऱ्यास कोकण हे सुंदर वळणांचा रस्ता म्हणून भेटते. एसटीने जाणाऱ्यास ते वेळापत्रक म्हणून भेटते, आणि पुढील आयुष्य वेळापत्रकातच काढायचे असते. राज्य परिवहन महामंडळाची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही चार किंवा सात दिवसांच्या पासाची योजना या संशोधनासाठीच काढली असावी, असे वाटण्याजोगी आहे. शिवाय मार्च २०२३ पासून महिलांना एसटीचे तिकीट अर्धे झाले असल्याने दांपत्याच्या अभ्यासदौऱ्यात पत्नीचे मत पतीच्या निम्म्या खर्चात उपलब्ध होते, आणि ते बहुधा दुप्पट उपयोगाचे निघते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर २०२२ पासून प्रवास मोफत आहे. त्यामुळे निर्णय तोवर लांबणीवर टाकण्याइतका चिकाटीचा इच्छुक असल्यास त्याचा या सदराखालील खर्च शून्यावर येतो.

एसटीच्या गाड्यांत ‘वस्तीची गाडी’ हा प्रकार विशेष अभ्यसनीय होय. संध्याकाळी तालुक्याच्या आगारातून निघून शेवटच्या गावी मुक्काम करणारी आणि पहाटे तेथूनच परत फिरणारी गाडी, अशी तिची व्याख्या करता येईल. या गाडीत कोंबडीखाद्याची गोणी, शाळकरी मुले, दवाखान्यातून परतणाऱ्या आजी आणि कोणाच्या तरी मुलीच्या लग्नाच्या पत्रिका एकत्र प्रवास करतात, आणि कंडक्टरला कोण कोठे उतरणार हे तिकीट मागण्यापूर्वीच ठाऊक असते. अनोळखी इच्छुक दिसताच तो ‘कोणाकडे?’ असे विचारतो. ‘कोणाकडेच नाही, असाच बघायला आलो’ हे उत्तर ऐकून मागच्या तीन बाकांवरील संभाषण थांबते. गाव किती दूर आहे, रात्री छातीत दुखू लागले तर काय होईल आणि नातवंडे खरोखर भेटायला येतील काय, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या एका फेरीत मिळतात.

रेल्वेविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. १९९८ साली संपूर्ण मार्ग खुला झाल्यापासून कोकण रेल्वेने इच्छुकांची पैदास वाढवली हे खरे. पण मार्ग बहुतांशी एकेरी असल्याने, समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी, म्हणजे ‘क्रॉसिंग’साठी, दिवा-सावंतवाडीसारखी गाडी ज्या स्थानकांत उभी राहते, त्यांतील शांतता पाहूनच अनेकांचा निश्चय पक्का होतो, आणि ती शांतता गाडी नसताना दिवसभर तशीच असते हे कोणी लक्षात घेत नाही.

खरा कळीचा मुद्दा ऋतूचा. खोल्यांचे दर दिवाळी, नाताळ आणि आंब्याचा मे महिना यांत चढतात व जूनमध्ये कोसळतात. यावरून दर जितका खाली तितकी मिळणारी माहिती खरी, असा नियम मांडता येतो. रत्नागिरीच्या बाजूस वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, हा आकडा इच्छुकाने शाळेत पाठ केलेला असतो. परंतु या पावसात टॉवेल पाच दिवस ओला राहतो, मिठाला पाणी सुटते, चामड्याच्या पट्ट्यावर हिरवट बुरशी चढते आणि आगपेटीतील सबंध काड्या ओढल्यावर एक पेटते, हे भूगोलाच्या पुस्तकात नव्हते. त्याच गावात मे महिन्यात पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागू शकते, हे ऐकून तो चक्रावतो. जांभा दगड सच्छिद्र, उतार तीव्र आणि सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतचे अंतर थोडे, त्यामुळे पडलेले पाणी इच्छुकाच्या आधीच समुद्रकिनारी स्थायिक होते. माशांच्या आशेने आलेल्याने हेही ध्यानात ठेवावे की, १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, आणि स्वस्त खोलीत ताज्या सुरमईचे स्वप्न पाहणाऱ्याच्या ताटात सुका बांगडा व सोलकढी येते. मालवणी यजमानीण याविषयी दिलगिरी व्यक्त न करता ‘पावण्यांनू, पावसात रवान बघा, मगे काय ता ठरवा’ असा सल्ला देते, आणि या विषयावरील उपलब्ध ज्ञानात तिच्या सल्ल्याइतके भरीव दुसरे काही नाही.

या सर्वांतून तावून निघालेला इच्छुक जमिनीकडे वळतो. सातबारा, म्हणजे जमिनीचा मालक सांगणारा गावनमुना सात आणि तीवरील पिके सांगणारा गावनमुना बारा यांचा जोडउतारा, ‘महाभूलेख’वर घरबसल्या फुकट पाहता येतो, ही काटकसरी संशोधकाच्या दृष्टीने पर्वणीच होय. समुद्र दिसणारी, नारळ डोलणारी ती वीस गुंठे जागा उघडली असता मालकाच्या रकान्यात एका आजोबांचे नाव, त्याखाली वारसांची रांग, तिच्यातील काही कंसात गेलेले म्हणजे कमी झालेले, काही डोंबिवलीत, एक मस्कतला आणि दोघे एकमेकांशी न बोलणारे, असे चित्र दिसते. क्वचित आंब्याच्या झाडावर चौथ्याच माणसाचा हक्क निघतो. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा १९९१ पासून किनारा नियमनाखाली असल्यामुळे ज्या खिडकीतून लाटा पाहायच्या, ती खिडकी मुळात लावता येईल काय, हाही प्रश्न उभा राहतो. आणि सर्वांत रम्य तरतूद १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ ची: जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. इच्छुकाच्या वडिलांची साताऱ्याकडे जमीन होती, म्हणजे तो शेतकरी होता. ती विकून त्याने कोथरूडात फ्लॅट घेतला, आणि आता तो फ्लॅट विकून पुन्हा जमीन घेऊ पाहतो तेव्हा शासनाच्या लेखी त्याचा शेतीशी संबंध उरलेला नसतो. अशा वेळी बिनशेती भूखंडाचा भाव विचारला जातो आणि बराच वेळ कोणी काही बोलत नाही.

इच्छुक गाव पाहत असतो त्याच काळात गावही त्याचा अभ्यास करीत असते, आणि तोही पूर्णतः विनाखर्च. मूळ गाव कुठले, मासे चालतात की नाही, निवृत्तिवेतन किती, मुलगा कोठे असतो व सून नोकरी करते काय, ही माहिती चहाच्या टपरीवर दुसऱ्या दिवशी संकलित होऊन तिसऱ्या दिवशी वाडीत पोहोचते. इच्छुकाचा निर्णय व्हायला त्यानंतरही वर्षे लागू शकतात. गावाला इतका वेळ नसतो. दौऱ्यांपैकी एखादा शिमग्याच्या सुमारास पडला, की देवळाचे दोन मानकरी तो उतरला असेल त्या घराच्या पडवीत येतात, पाणी मागतात, पावतीपुस्तक उघडतात आणि पत्त्याच्या जागी वाडीचे नाव घालून त्याच्या नावे पालखीची वर्गणी फाडतात. रक्कम गावात राहणाऱ्यांपेक्षा जास्त आणि चाकरमान्यांइतकी लावलेली असते.