वर्तणूक : चांगली

तरुण पिढीचा नैतिक अधःपात झाला अशी हाकाटी करणाऱ्या सद्गृहस्थांनी शाळा सोडल्याचा दाखला कधी उलगडून पाहिलेला दिसत नाही. नाव, जात, जन्मस्थळ, अंकी व अक्षरी जन्मतारीख यांच्या खाली 'वर्तणूक' असा स्वतंत्र रकाना तेथे असून, यच्चयावत विद्यार्थ्यांच्या बाबतीत त्यात 'चांगली' हा एकच शब्द आढळतो. सरकारी दप्तर प्रमाण मानावयाचे (आणि दुसरे काय मानणार?) तर अधःपात घडलेलाच नाही.

इतका निर्वेध रकाना आमच्या अवलोकनात दुसरा नाही. जन्मतारखेतील एका दिवसाच्या फरकासाठी लोक प्रतिज्ञापत्रे करतात, नाव बदलले की राजपत्रात छापवून घेतात, जातीच्या नोंदीसाठी पणजोबांचे मोडी कागद बालबोधीत उतरवून आणतात. परंतु 'माझ्या चिरंजीवांची वर्तणूक येथे चुकीची नोंदली गेली आहे, ती यथातथ्य करून मिळावी,' असा अर्ज घेऊन एकही पिता मुख्याध्यापकांच्या दारी गेल्याचे ऐकिवात नाही. लेखनिकही या शब्दास इतका सरावलेला की, कोऱ्या दाखल्यांच्या गठ्ठ्यावर तो आधी 'चांगली' लिहीत सुटतो आणि नावे सवडीने भरतो, म्हणजे वर्तणूक प्रथम सिद्ध होते व विद्यार्थी तिच्यामागून जन्मास येतो. संगणक आल्यापासून तर तेवढेही श्रम उरले नाहीत, आणि बाकावर कर्कटकाने बाईंचे व्यंगचित्र कोरणारा व त्याची चहाडी करणारा असे दोघेही एकाच कळीसरशी सच्छील होऊन बाहेर पडतात.

मूल्यशिक्षण आहेच. श्रमप्रतिष्ठेपासून वक्तशीरपणापर्यंतची दहा मूल्ये परिपाठाच्या रांगेत उभ्या असलेल्या पोरांच्या डोक्यावरून नित्यनेमाने वाहून जातात, आणि मग मार्च महिना उजाडतो. दहावीच्या केंद्राच्या कुंपणावर चढून खिडकीच्या गजांतून चिठ्ठ्या आत सारणारे ते चपळ गृहस्थ कोण? काका, मामा, थोरले बंधू. आणि क्वचित परिपाठात सौजन्यशीलता समजावून सांगणारे गुरुजी! परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध या राज्याला 1982 साली स्वतंत्र कायदा करावा लागला. पुढे भरारी पथके आली, बैठी पथके आली, आणि चढणारे चढतच राहिले. खाली उतरून घाम पुसता पुसता पिढी बिघडल्याचे आम्हांस ऐकवणारेही हेच! अहो, पण कोणाची पिढी? ज्या पोराच्या हाती चिठ्ठी पडली त्याची, की गाइडाच्या पानाची मायक्रो झेरॉक्स काढण्यासाठी जो भल्या पहाटे दुकानाचे दार ठोठावीत होता त्याची?

असाच एक पिता, पथकाने चिरंजीवांस रंगेहाथ पकडल्यानंतर काही दिवसांनी, दाखला नेण्यास शाळेत गेला आणि 'चांगली' हा शब्द पाहून खट्टू झाला. पुढील प्रवेशाच्या दृष्टीने तो फार मोघम वाटतो, सबब 'अतिशय चांगली' असे करून मिळावे, अशी त्याने रदबदली केली. सोबत एका वजनदार इसमाची शिफारसही होती. मुख्याध्यापकांनी नियमावली चाळली, तीत प्रतिकूल काही आढळले नाही, आणि खाडाखोड दिसू नये म्हणून त्यांनी दाखलाच नव्याने लिहवून दिला.