प्रवेशिका विनामूल्य

दसरा उलटला की नाशिकच्या आमच्या इंदिरानगरात चौकाचौकात दिवाळी पहाटेचे फ्लेक्स लागतात आणि त्या फ्लेक्सखाली मान वर करून नाना उभे दिसतात. फ्लेक्सवर भावी नगरसेवकाचा फोटो पुरुषभर उंच, गायिकेचा पासपोर्टएवढा. नाना दोन्हींकडे बघत नाहीत. त्यांची नजर तळाच्या बारीक अक्षरांवर असते. 'प्रवेशिका विनामूल्य' वाचलं की चेहरा खुलतो, 'काही रांगा राखीव' वाचलं की पडतो. आणि 'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य' असेल, तर तो मजकूर आपल्याला उद्देशूनच छापलाय असं ते धरून चालतात.

तुमच्याकडे ते अण्णा असतील, तात्या असतील. आमच्याकडे नाना. मायकोतून निवृत्त झालेले, गुडघे जरा कुरकुरणारे, पण गाण्याला निघाले की जिने उतरताना कठड्याला हात न लावणारे. घरातल्या कालनिर्णयवर एका चौकटीत वहिनींनी 'गॅस लावला' असं लिहिलेलं असतं आणि त्याच्याच डोक्यावर नानांचं 'कालिदास, ६.३०', म्हणजे शालिमारचं कालिदास कलामंदिर. त्यांचं वर्ष कोजागिरीला सुरू होतं आणि गुढीपाडव्याला संपतं. मधले महिने जे उरतात त्यांना ते 'ऑफ सीझन' म्हणतात. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते, तिला जात नाहीत. "बोलणं ऐकायला घर सोडून कशाला जायचं?" हे वहिनींच्या देखत म्हणायची हिंमत मात्र त्यांच्यात आहे.

साडेसहाच्या कार्यक्रमाला नाना साडेचारला निघतात. कारण एकच, बोगदा. हायवेखालचा इंदिरानगरचा बोगदा ज्याने संध्याकाळी ओलांडलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. बाकीच्यांना एवढंच सांगतो की इकडून शालिमारला जाणं हा प्रवास आहे आणि नाना तो प्रवासासारखाच करतात. पाण्याची बाटली, शाल, कानटोपी आणि चार मोठे रुमाल. रुमाल घाम पुसायला नसतात. पोचल्याबरोबर ते चार खुर्च्यांवर पसरले जातात. मग पुढचा तासभर "इथं आहेत का कुणी?" या प्रश्नाला "येतायत, गाडी लावतायत" हे उत्तर. गाडी लावणारे ते लोक मी अजून पाहिलेले नाहीत. शेवटी तिथे कुणी तरी ओळखीचं सापडतं आणि नाना उदारपणे त्याला बसवून घेतात. दिवाळी पाडव्याला पहाटे नेहरू चौकात पिंपळपारावर मैफल असते, तिथेही हेच, फक्त काळोखात.

दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक या काळात नाना बाहेर बटाटेवडा खातात. आत तंबोरे जुळायला लागले की बरोबर हजर. आणि तंबोरा नुसता जुळत असतानाच पहिली "वा!" देतात. यावर हसू नका. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, बांगलादेशच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात, रविशंकरांनी सतार जुळवली आणि अख्ख्या प्रेक्षागृहाने टाळ्या वाजवल्या होत्या. जुळवणं एवढं आवडलं असेल तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे, अशा अर्थाचं काहीतरी पंडितजी हसत बोलले. हा किस्सा मला नानांनीच सांगितला, आणि त्या लोकांना काही कळत नव्हतं हेही वर ऐकवलं.

राग ओळखण्याची नानांची पद्धत घड्याळावर चालते. सकाळी भैरव, संध्याकाळी यमन. जुळलं नाही तर डोळे मिटून म्हणतात, "यात जरा दुसरी छटा आहे." वहिनी गांधर्वच्या परीक्षा दिलेल्या आहेत. त्या पुढे बघतच हळू आवाजात सांगतात, "अहो, पूरिया कल्याण आहे." यावर नाना आमच्याकडे वळून, "तेच म्हणतोय मी, दुसरी छटा आहे." विलंबित एकतालात मात्र त्यांची खरी कसोटी लागते. एक आवर्तन चांगलं मिनिटभर चालतं, आणि त्या मिनिटात नाना झोपतात. घोरतात असं नाही, पण हनुवटी छातीला लागते. आश्चर्य असं की सम आली की मान आपोआप उचलली जाते आणि हात मांडीवर पडतो. हे त्यांना कसं साधतं ते एखाद्या तबलजीने अभ्यासावं. द्रुत तीनतालात, पूर्ण जागे असताना, त्यांचा हात पंधराव्या किंवा दुसऱ्या मात्रेवर पडतो. मग ते तबलजीकडे अशा क्षमाशील नजरेने बघतात की त्या बिचाऱ्यालाच शंका यावी.

कुठल्याही बुवांचं किंवा खाँसाहेबांचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात जातो. सवय इतकी अंगात मुरली आहे की एकदा साउंड सिस्टीमवाल्याचा नंबर देतानाही गेला होता.

डिसेंबरात सवाई गंधर्व. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला हा महोत्सव २०१८पासून रमणबागेतून मुकुंदनगरला गेला, आणि तेव्हापासून "आता ती मजा राहिली नाही" असं म्हणत नाना दर वर्षी पुण्याला जातात. सोबत कोंडाजीचा चिवडा. आलापीत पुडी उघडली की आवाज होतो म्हणून ते अत्यंत सावकाश उघडतात, त्यामुळे तो आवाज पाच मिनिटं चालतो. शेजारच्या पुणेकराने मान वळवलीच, तर नाना त्याला चिवडा देतात आणि सुनावतात, "विष्णु दिगंबर पलुसकर शेवटची वर्षं आमच्या नाशकात होते, रामनाम आधाराश्रम त्यांचाच. त्यांच्या मुलाचं, दत्तात्रेयबुवांचं, बालपणही आमच्याकडचं." पुणेकर चिवडा खातो. नानांच्या मते हा नाशिकचा विजय.

आता कुणाला वाटेल की नाना शास्त्रीयवाले. छे! पुढच्याच शनिवारी 'आर. डी. नाइट'ला ते त्याच रांगेत असतात. इथे मान स्थिर आणि पाय चालू. कुर्त्याच्या जागी फुलाफुलांचा शर्ट. मंचावर दोन कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड बघून उसासा टाकतात, "पूर्वी ॲकॉर्डियन असायचा रे." या विषयात मात्र त्यांची माहिती चोख आहे. 'आराधना'तला ॲकॉर्डियन केरसी लॉर्डचा, पंचमचा सॅक्सोफोन मनोहारी सिंगांचा, शंकर-जयकिशनचे व्हायोलिनचे ताफे रचणारा गोव्याचा सेबॅस्टियन डिसूझा. प्यारेलालला व्हायोलिन शिकवणाऱ्या माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसचं नाव १९७७च्या सिनेमात अमिताभला मिळालं, हे सांगताना तर त्यांचा आवाज भरून येतो. पडद्यामागच्या या वाजवणाऱ्यांसाठीही हात कानाला जातो. मला नाना सगळ्यात जास्त इथे आवडतात.

मुलाने एकदा त्यांना मुंबईला एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ऐकायला नेलं. २००६ साली उभा राहिलेला हा वाद्यवृंद, वर्षातून दोन हंगाम. तिथे रचनेचे भाग संपताना मध्ये टाळ्या वाजवायच्या नसतात, हे मुलगा सांगायला विसरला. पहिला भाग संपला, सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता, आणि नाना खणखणीत म्हणाले, "क्या बात है!" परत आल्यावर तक्रार एकच: "इतकी माणसं वाजवतात आणि एकही वर बघत नाही. दाद द्यायची कुणाला?"

२०२०च्या दिवाळीत करोनामुळे पहाटेच्या मैफली झाल्या नाहीत. पाडव्याला नाना काळोखातच गच्चीवर गेले, कुर्ता-शाल घालून. नातवाचा स्पीकर लावला आणि दत्तात्रेयबुवांची रेकॉर्डिंग्ज सुरू केली. मास्क लावून हळूहळू सोसायटी वर आली. प्लास्टिकच्या खुर्च्या लांब लांब मांडलेल्या होत्या आणि पहिली रांग नानांनी निमंत्रितांसाठी राखीव ठेवली होती. रुमाल टाकून. सगळं झाल्यावर आभारही त्यांनीच मानले, आणि एरवी आभारप्रदर्शनाला हमखास उठणारा हा माणूस त्या दिवशी वीस मिनिटं बोलला.

तेव्हा एक विनंती. कालिदासला निघताना तुमच्या गाडीत जागा असेल तर नानांना आणि वहिनींना जरूर विचारा. भाडं द्यायचा ते आग्रह करतील, घेऊ नका. मात्र परत येताना भैरवी कुठे घसरली हे ते बोगद्यापर्यंत सांगतील, आणि बोगद्यात गाडी अडकली की पुन्हा पहिल्यापासून.