बियाकाका

आमच्या सोसायटीत मनःशांतीसाठी सगळ्यांत जास्त धावपळ करणारा माणूस म्हणजे बियाकाका. हे नाव पोरांनी पाडलं. काका सदऱ्याच्या खिशात भोपळ्याच्या बिया घेऊन हिंडतात आणि लिफ्टमध्ये सापडेल त्याच्या तळहातावर ओततात. "घे. 28 ग्रॅममध्ये दीडशे मिलिग्रॅम मॅग्नेशियम. नसा सैल पडतात." नसा सैल पडेपर्यंत तिसऱ्या मजल्यावरचा माणूस सातव्यावर पोचलेला असतो.

बँकेतून निवृत्त झाल्यावर रक्तदाब निघाला. डॉक्टर सहज म्हणाले, "टेन्शन घेऊ नका." झालं! चाळीस वर्षं पै-पैचा हिशेब जुळवलेल्या माणसाला असं मोघम सांगू नये. घरी वजनकाटा आला, वही आली, वहीत रकाने आले.

सकाळी साडेसहाला भिजवलेले सहा बदाम. काका अंगठा आणि तर्जनी यांच्यात बदाम धरतात, हलकेच दाबतात, साल हातात राहते आणि बदाम सुळकन निघतो. एकदा तो ताटलीऐवजी फ्रिजखाली गेला. मी पेपर मागायला गेलो तर काका फरशीवर पालथे, हातात कुंचा, कपाळावर घाम. "दुसरा घ्या की," मी म्हटलं. "दुसरा उद्याचा आहे!" काका ओरडले. मग अक्रोड. ते दाराच्या फटीत धरून फोडायचे, म्हणजे शेजाऱ्यांनाही गजर लागतो.

जवसाची गोष्ट तर ऐकण्यासारखी. मॉलमधून काकांनी 'फ्लॅक्स सीड्स' नावाचं देखणं पाकीट आणलं आणि ओमेगा-3 वर काकूंना अर्धा तास व्याख्यान दिलं. काकूंनी पाकीट उघडलं, चार दाणे दाताखाली धरले. "अहो, हे जवस. सासूबाई चटणी करायच्या याची. तुम्ही ताटाच्या कडेला सारून ठेवायचात." काकांनी वहीत नोंद खोडली नाही, फक्त 'आईची चटणी' असं कंसात लिहिलं.

ओमेगा-3 खरं तर बांगड्यात जास्त कामाचं, पण काका शाकाहारी. समोरच्या मालवणी वहिनींकडे बांगडा तळायला लागला, की ते दार उघडून जिन्यात उभे राहतात. वासातून किती मिळतं, हे अजून त्यांना कुठे छापलेलं सापडलेलं नाही.

पंच्याऐंशी टक्के कोकोचं चॉकलेट मात्र ते काढा प्यावा तसं डोळे मिटून गिळतात. चॉकलेट खाताना इतका दुःखी झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गेल्या महिन्यात त्यांनी मला ताकाचा ग्लास देत सांगितलं, "शरीरातलं नव्वद टक्के सेरोटोनिन पोटात तयार होतं. पोट खूश, मेंदू खूश!" पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, "काका, ते सेरोटोनिन थेट मेंदूत शिरत नाही हो." काकांचा चेहरा असा पडला, की बाईंनाच वाईट वाटलं. "पण ताक चांगलंच," त्यांनी घाईघाईनं जोडलं. तेवढंच वहीत गेलं.

परवा सोसायटीची सभा झाली. विषय टँकरचं बिल आणि पार्किंग. वातावरण शांत राहावं म्हणून काकांनी दारातच प्रत्येकाला बिया वाटल्या. पहिला विषय बिया चघळण्यात निभावला. दुसऱ्या विषयाला कुणीतरी सहज म्हणालं, "काकांची स्कूटर काय, कुठेही मावेल." पुढची वीस मिनिटं काका एकटेच बोलत होते. बिया माइकवर उडत होत्या. सभा तहकूब झाली.

घरी काकूंनी काही विचारलं नाही. आसट भात, त्यावर मेतकूट, तुपाची धार आणि लिंबाची फोड, एवढं पुढ्यात ठेवलं. काकांनी न मोजता दोनदा घेतला आणि झोपाळ्यावर बसल्या बसल्या त्यांना गाढ झोप लागली. वही कोरीच राहिली.

सकाळी साडेसहाला आमची बेल वाजली. दारात काका, डोळे चमकत होते. "मेतकुटात हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ. म्हणजे ट्रिप्टोफॅन असणार! रात्री नेमकं किती ग्रॅम खाल्लं, तेवढंच काढायचंय. हिनं वजनकाटा माळ्यावर टाकलाय. तुमच्याकडे स्टूल आहे का?"