सशुल्क भीतीचे शास्त्र

थीम पार्क, म्हणजे एखाद्या कल्पनेभोवती पाळणे, घसरगुंड्या, खाद्यगृहे व दुकाने मांडून, त्या साऱ्याला कुंपण घालून आणि कुंपणाच्या दारात पैसे घेऊन आत सोडणारे उद्यान, हा मनोरंजनाचा एक प्रकार मानला जातो. तथापि बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील दिंद्रुडसारख्या गावातून नाताळच्या सुट्टीत तेथे जाणाऱ्या कुटुंबांचे वर्तन बारकाईने पाहिल्यास त्याची गणना संस्कारविधींत करणे अधिक सयुक्तिक ठरते. बारसे, जावळ, साखरपुडा व लग्न यांच्याप्रमाणेच येथेही खर्च ऐपतीच्या पुढे जातो, कोणत्या सोयऱ्याला गाडीत घेतले आणि कोणाला वगळले यावरून वर्षभर पुरेल एवढा रुसवा निर्माण होतो, आणि ज्याच्यासाठी हा सारा घाट घातला ते लेकरू मुख्य प्रसंगी एकतर रडत असते किंवा झोपलेले असते.

या विधीचा मुहूर्त इंग्रजी माध्यमाच्या शाळा काढतात. राज्यातील शाळांच्या सुट्ट्यांविषयी शिक्षण खात्याचे जे परिपत्रक निघते, त्यानुसार वर्षातील एकूण सुट्ट्या ७६ दिवसांपेक्षा अधिक होता कामा नयेत. मात्र दिवाळीची किंवा उन्हाळ्याची दीर्घ सुट्टी काहीशी आखडून ते दिवस गणेशोत्सव अथवा नाताळ अशा सणांकडे वळवण्याची मुभा शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने मिळते, आणि या वळवण्याला शासकीय मराठीत ‘समायोजन’ असे भारदस्त नाव आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलगा २५ डिसेंबरचा एक दिवस उनाडून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाढ्यांना लागतो. इंग्रजी शाळेतला मात्र नव्या वर्षाचा पहिला दिवस उजाडेपर्यंत घरी असतो, आणि तो घरी आहे हे गल्लीला दिसणे हाच त्या शाळेच्या फीचा पहिला ठोस परतावा असतो. एरवी नाताळाशी दिंद्रुडच्या शिवाराचा संबंध एवढाच, की शाळेच्या कार्यक्रमातील सांताक्लॉजची दाढी कापसाची असते आणि कापूस या भागात पिकतो. त्या दाढीला हमीभाव मिळाला किंवा कसे, याची चौकशी अद्याप कोणत्याही शेतकरी संघटनेने केलेली दिसत नाही.

विधी म्हटला की परंपरा आली. कोपनहेगनचे तिवोली उद्यान १८४३ मध्ये उघडले. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी सुरू झाले आणि कल्पनेला कुंपण घालण्याची आजची रीत तेथून जगभर गेली. मुंबईजवळ गोराईला एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये आले, दूरचित्रवाणीवरील जाहिरातीमुळे ते मराठवाड्यातील समुद्र न पाहिलेल्या मुलांनाही तोंडपाठ झाले, आणि २०२२ मध्ये ते बंद पडले तोवर ही मुले स्वतः बाप झाली होती. दरम्यान २०१३ मध्ये रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झाल्याने या बापांची राहून गेलेली हौस भागवण्याची सोय झाली. लेकराचे नाव पुढे करून बापाने पाळण्यात बसणे, ही या विधीतील सर्वमान्य रूढी आहे.

येथे एक शंका अभ्यासकापुढे उभी राहते. नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षाच्या वद्य पक्षाअखेर भरते, म्हणजे बऱ्याचदा ऐन नाताळाच्या मागेपुढेच. २०२४ साली ती २९ डिसेंबरला सुरू झाली. तेथे घोडे, गाढवे व उंट यांचा बाजार असतो, कुस्त्या असतात, तमाशाचे तंबू असतात, आकाशपाळणे असतात, आणि हे सर्व एकाच दैवताभोवती व एकाच पिवळ्या रंगात मांडलेले असल्याने वर दिलेल्या व्याख्येत कुंपणाची अट सोडली तर ही यात्रा अस्सल थीम पार्क ठरते. ती दिंद्रुडपासून खोपोलीच्या मानाने पुष्कळ जवळही आहे. असे असता साडेतीनशे किलोमीटरहून अधिक अंतर तोडून बीड, अहिल्यानगर, शिरूर व पुणे या वाटेने खोपोलीला का जावे? उत्तर कुंपणातच सापडते. ज्या ठिकाणी कोणालाही फुकट जाता येते, त्या ठिकाणी गेल्याचे प्रमाणपत्र कोणी मागत नाही. यात्रेला आजोबाही जाऊन आले, आणि आजोबा जाऊन आले तेथे जाण्यात प्रगती ती कोणती!

आजोबांचा विषय निघालाच आहे तर मध्यम मार्गाचाही निर्देश करणे भाग आहे. शिर्डीला साईतीर्थ नावाचे भक्तिपर थीम पार्क आहे, त्याला लागून जलउद्यान आहे, आणि जवळच समाधी मंदिर आहे. त्यामुळे आजीचे दर्शन, सुनेची पोहण्याची हौस व नातवाची घसरगुंडी ही तिन्ही कामे एकाच डिझेलात उरकतात. ज्या घरात गाडीचे भाडे आजीच्या खात्यातून निघते त्या घराने शिर्डी निवडावी आणि ज्या घरात ते जावयाच्या खिशातून निघते त्याने खोपोली निवडावी, असा अलिखित दंडक आढळतो. गाडी दोन्ही ठिकाणी क्रूझरच असते. या वाहनात किती माणसे मावतात हा प्रश्न वाहन परवान्याच्या कक्षेत येत नसून सोयरिकीच्या कक्षेत येतो.

प्रवेशद्वारावरील तपासणी हा विधीतील त्यागाचा भाग होय. आदल्या रात्री जागून थापलेले धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी व ठेचा हे पदार्थ ‘बाहेरचे’ ठरवून येथे गाडीत परत पाठवले जातात. आत मिळणारा वडापाव मात्र ‘आतला’ असल्याने त्याला किमतीची मर्यादा नसते.

आत गेल्यावर पहिल्या तासातच लक्षात येते, की या उद्यानातील मुख्य खेळ रांग हा आहे आणि पाळणे हे केवळ रांगेला दिलेले निमित्त आहे. लोखंडी दांड्यांच्या आधाराने मागेपुढे वळवलेली ही रांग मुळात लांब असूनही डोळ्यांना आखूड भासते, कारण प्रत्येक वळणावर माणसाला आपण पुढे आल्याचे समाधान मिळते. नियोजन या शास्त्राचे याहून उत्तम प्रात्यक्षिक मंत्रालयाबाहेर क्वचित पाहावयास मिळते. अधिक पैसे भरणाऱ्यांसाठी वेगळी, जलद रांग असते, म्हणजे उद्यान प्रथम रांग विकते आणि मग रांगेतून सुटका विकते. दिंद्रुडचे कुटुंब या कसोटीला जराही डगमगत नाही. युरियाची रांग, पीककर्जाची रांग, टँकरची रांग आणि महाशिवरात्रीला परळीच्या वैजनाथाची रांग अशा चारही परीक्षा उत्तीर्ण झालेल्या माणसाला पाळण्याची दीड तासाची रांग म्हणजे विश्रांतीच. शिवाय त्याच्या जिल्ह्याने याहून मोठ्या रांगेचा अनुभव घेतलेला आहे : अहिल्यानगर–बीड–परळी हा सुमारे २६१ किलोमीटरचा लोहमार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला, त्यावरून अहिल्यानगरहून बीडपर्यंत पहिली गाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी धावली, आणि त्या दिवशीही परळीपर्यंतचा टप्पा उरलेलाच होता. तीस वर्षे रांगेत उभे राहून अर्ध्यावर उतरवणारा पाळणा जगातील कोणत्याही उद्यानात नसावा. त्याचे तिकीट मात्र अत्यंत माफक ठेवले आहे, हे रेल्वेच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

रांगेच्या शेवटी भीती मिळते. रोलर कोस्टर, म्हणजे रुळांवरून चढउतार व कोलांट्या घेत धावणारी बिनइंजिनाची गाडी, साखळीच्या साहाय्याने उंचावर ओढून नेली जाते. तेथे तिच्यात साठलेली स्थितिज ऊर्जा उतारावर वेगात बदलते आणि पुढचा सर्व प्रवास त्या एका चढाच्या पुण्याईवर होतो. इमॅजिकातील नायट्रो नावाची अशी गाडी सुमारे ४० मीटर उंच चढते, ताशी १०५ किलोमीटरच्या आसपास धावते, बसणाऱ्याला पाच वेळा उलटे करते, आणि तिच्या आसनांखाली तळच ठेवलेला नाही. एवढे असूनही ती पडत नाही, कारण तिची चाके रुळाला वरून, बाजूने व खालून अशी तिन्ही अंगांनी धरून असतात, आणि खांद्यावरचा पट्टा कर्मचाऱ्याने ओढून पाहिल्याशिवाय गाडी जागची हलत नाही. थोडक्यात, ही भीती पूर्णपणे सुरक्षित असते, आणि तिचे मोल त्या सुरक्षिततेसाठीच द्यावे लागते.

असुरक्षित भीती फुकट मिळते. तेलगावला लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना आहे. डिसेंबरात गाळप भरात असताना त्या बाजूच्या रस्त्यांवर एका ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन ट्रॉल्या, त्यांच्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेला ऊस, मागे न लागलेला तांबडा दिवा, आणि खड्डा आला की आधी एका व मग दुसऱ्या बाजूला झुकणारा तो सगळा डोलारा ओलांडून जाणारा दुचाकीस्वार, हे दृश्य रोजचे असते. या खेळात वयाची वा उंचीची अट नाही, हृदयविकाराच्या रुग्णांसाठी सूचनाफलक नाही, आणि ट्रॉलीच्या चाकांना खालून धरून ठेवणारे काहीही नाही. तरीही त्यातून रोज सुखरूप घरी येणारा गृहस्थ नायट्रोवर डोळे मिटून घेतो, इष्टदेवतेचा धावा करतो आणि खाली उतरल्यावर असा अनुभव जन्मात आला नाही असे सांगतो. त्याचे हे विधान खरे मानावे लागते, कारण पैसे मोजून घाबरण्याचा तो त्याचा पहिलाच प्रसंग असतो.

कृत्रिम हिमाचे दालन हाही याच शाखेचा विषय आहे. भाड्याने घेतलेला जाड कोट घालून कुटुंब आत जाते, बर्फाचे गोळे एकमेकांना मारते व थंडीने कुडकुडत बाहेर येते. मराठवाड्यात २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जी गारपीट झाली, तिच्या वेळी हा खेळ उभ्या शिवारात विनामूल्य उपलब्ध होता. फरक इतकाच, की त्यानंतर छायाचित्रे तलाठ्याला दाखवावी लागली आणि पंचनामा, म्हणजे नुकसानीची पंचांसमक्ष केलेली नोंद, हा त्यातील रांगेचा भाग होता. जलउद्यानातील लाटांचा तलाव मात्र खरोखर अपूर्व म्हटला पाहिजे. तेथे दाबाखालील हवा कोंडून ती पाण्यावर सोडतात आणि त्या धक्क्याने लाट उठते; इतके पाणी नुसते हलवण्यासाठी साठवता येते, हे पाहून टँकरच्या गावातून आलेली बाई काही काळ काठावर उभीच राहते. पुढे तिला कळते की साडीवर पाण्यात उतरता येत नाही, नायलॉनचा पोशाख भाड्याने घ्यावा लागतो आणि त्यावर अनामत ठेवावी लागते. आजी लुगड्यावर ठाम असते. ती सर्वांच्या चपला, मोबाइल आणि अनामतीच्या पावत्या ओच्यात घेऊन दिवसभर एका बाकावर बसते, आणि परतीच्या वाटेवर, उरलेले धपाटे गाडीत उघडले जातात तेव्हा, सर्वांत चांगला दिवस कोणाचा गेला याविषयी फारसा संशय उरत नाही.

विधीची सांगता मोबाइलवर होते. स्टेटस, म्हणजे चोवीस तासांत आपोआप पुसले जाणारे छायाचित्र-निवेदन, गाडी पुण्याच्या अलीकडे असतानाच लावले जाते. ते कोणी पाहिले याची यादी मिळते, आणि वगळलेल्या सोयऱ्याचे नाव त्या यादीत दिसेपर्यंत सहल पूर्ण झाली असे मानण्याचा प्रघात नाही.

विवेचन येथे थांबवता आले असते. परंतु डिसेंबरात बीड जिल्ह्याबाहेर सहकुटुंब असणाऱ्यांचा विचार करताना केवळ क्रूझर मोजणे अशास्त्रीय ठरेल. दसरा-दिवाळीच्या सुमारास याच रस्त्यांवरून ट्रक व ट्रॅक्टर भरून जी कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात, त्यांच्या प्रवासाची मांडणी उद्यानाच्या अगदी उलट, आणि वरकरणी कितीतरी उदार आहे. येथे प्रवासी पैसे भरत नाही, प्रवाशालाच ते आधी मिळतात. या आगाऊ रकमेला उचल म्हणतात. सहलीचा संयोजक मुकादम असतो. तिकीट माणशी नसून कोयत्याप्रमाणे असते, आणि कोयता म्हणजे ऊस तोडणारे जोडपे, एकटा असल्यास अर्धा कोयता. मुक्कामाला कारखान्याच्या तळावर कोपी, म्हणजे झोपडी, मिळते. बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यास मनाई नसते, उलट पीठमीठ, भांडी, शेळी व तान्हे मूल सोबत आणणे अपेक्षितच असते. थोराड मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहांची योजना आहे, २०२१ पासून संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांचीही आहे. ज्यांना त्यांत जागा मिळत नाही ते उसाच्या मोळ्या वाहतात, आणि वजनाची अट येथेही कोणी लावत नाही.

उद्यानाची सहल एका दिवसात संपते, ही मात्र उचल फिटेपर्यंत चालते. तिच्यात समायोजन नाही. २५ डिसेंबर ही राज्यात सार्वजनिक सुट्टी आहे. त्या दिवशी फडावर न गेलेल्या कोयत्याच्या नावापुढे मुकादमाच्या वहीत खाडा लागतो आणि त्याचा दंड हिशेबातून कापला जातो.