तिरोडा कोणत्या रंगाचा?

आमच्या गोंदिया जिल्ह्यात तालुके आठ आणि एक्सेलकडे मूळचे रंग सहा. भांडणाचं मूळ इथंच आहे.

ज्या थीमवर आम्ही निम्मी नोकरी काढली, तिच्यात पहिला निळा, दुसरा नारिंगी, तिसरा राखाडी, चौथा पिवळा, पाचवा पुन्हा निळाच पण थोडा वेगळा, आणि सहावा हिरवा. सातव्यापासून तेच रंग काळपट करून परत येतात. इंग्रजी नावांच्या क्रमानं आमगाव निळं, अर्जुनी मोरगाव नारिंगी, देवरी राखाडी, गोंदिया पिवळं, गोरेगाव दुसरं निळं, सडक अर्जुनी हिरवी. सालेकशाला गडद निळा आणि शेवटी उभ्या असलेल्या तिरोड्याला विटकरी तपकिरी.

एवढंच असतं तर कुणी बोललं नसतं. पण आमच्या कार्यालयाचा (कुठलं ते विचारू नका) साप्ताहिक अहवाल म्हणजे एका पानावर चार आलेख: धान खरेदी, शिल्लक बारदाना (म्हणजे रिकामी पोती), भरडाईला दिलेला धान आणि शेतकऱ्यांचे चुकारे. पहिल्या आलेखात तिरोडा तपकिरी. दुसऱ्यात सालेकशाची माहितीच आली नाही, म्हणून तिची ओळ नाही. मग तिरोडा सातवा झाला आणि गडद निळा पडला. तिसऱ्यात कुणीतरी ‘जास्त ते वर’ अशी क्रमवारी लावली, तिथं तिरोडा नारिंगी. चौथ्यात तो हिरवा. आढावा बैठकीत तिरोड्याचे प्रतिनिधी पानावर बोट ठेवून म्हणाले, “साहेब, आमचा कलर काहून बदलते जी? आमी का सरडे आहो?”

प्रश्न रास्त होता. आलेख काढणारं सॉफ्टवेअर नाव वाचतच नाही. रांगेत पहिला उभा त्याला पहिला रंग, दुसरा उभा त्याला दुसरा. मधला एखादा गैरहजर राहिला की मागचे सगळे एकेक पाऊल पुढं सरकतात आणि पुढच्याचा रंग अंगावर घेतात. माणसाचं उलटं असतं. त्यानं एकदा ‘तिरोडा तपकिरी’ असं पाहिलं की पुढच्या आलेखात तो तपकिरी पट्टीच शोधतो, खालची नावांची सूची बघायची तसदी कोण घेतो? त्या तपकिरी पट्टीवर दुसराच तालुका बसलेला असला, तरी साहेब त्या दुसऱ्याच्या खरेदीबद्दल तिरोड्याला झापतात.

वरून आदेश आला की अहवाल मराठीत हवा. छान. मी इंग्रजी नावं काढून देवनागरी घातली, वर्णानुक्रम लावला आणि गंमत बघा: अर्जुनी मोरगाव, आमगाव, गोंदिया, गोरेगाव, तिरोडा, देवरी, सडक अर्जुनी, सालेकसा. आठपैकी एकही तालुका आपल्या इंग्रजी जागेवर राहिला नाही. देवरी तिसऱ्यावरून सहावी, तिरोडा आठव्यावरून पाचवा. राजभाषेच्या एका फटक्यात अख्ख्या जिल्ह्याचा रंग उडाला.

लोक यावर एवढे का चिडतात, हे पुण्या-मुंबईच्या सल्लागारांना कळत नाही. आमच्याकडे रंगाला वजन आहे. 1 मे 1999 ला भंडाऱ्यापासून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला, आणि त्याच तारखेपासून राज्यात तिरंगी शिधापत्रिका आली: वर्षाला 15 हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्याला पिवळी, तिथून 1 लाखापर्यंत केशरी, त्याच्या वर पांढरी. म्हणजे आमचा जिल्हा जन्मला तोच रंगाचा कागद हातात घेऊन. पुढं 30 एप्रिल 2020 ला केंद्रानं करोनाच्या झोनची यादी काढली, तेव्हा राज्यातले सहाच जिल्हे हिरवे होते आणि त्यांत आम्ही होतो. ज्यांनी तो हिरवा रंग मिरवला आहे, त्यांना अचानक लाल पट्टीत टाकलं तर ते चहाला हात लावत नाहीत.

तिकडे अमेरिकेतही काही निराळं नव्हतं म्हणा. रिपब्लिकन लाल आणि डेमोक्रॅट निळे हे 2000 च्या निवडणुकीनंतर पक्कं झालं; 1980 मध्ये एका वाहिनीच्या नकाशावर रेगन यांनी जिंकलेली राज्यं निळी होती. पण त्यांचं भांडण चार वर्षांनी एकदा. आमचं दर सोमवारी.

हा गुंता साहेबांना समजावला तो आमच्या आस्थापनेच्या मॅडमनी, तेही संगणकाला हात न लावता. “साहेब, नवरात्रीचे रंग,” त्या म्हणाल्या. दरवर्षी यादी वेगळी दिसते. 2022 ला पहिल्या दिवशी पांढरा होता, 2023 ला नारिंगी, 2024 ला पिवळा. पण त्यात गोंधळ काही नाही, कारण रंग माळेला दिलेला नाही, वाराला दिलेला आहे. सोमवार पांढरा, मंगळवार लाल, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा. घट कुठल्याही वारी बसोत, मंगळवारी बायका लालच नेसणार. सात वार संपून आठव्या-नवव्या दिवशी तेच वार परत आले, तर जुनाच रंग काळपट करून देत नाहीत. मोरपंखी, गुलाबी, जांभळा असे नवे काढतात. साहेब थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “हे त्या सॉफ्टवेअरवाल्याला कळवा.”

कळवायची गरज नव्हती; सोय असते, फक्त आपणहून होत नाही. एक छोटा तक्ता करायचा: डावीकडे तालुक्याचं नाव, उजवीकडे त्याचा रंग, संगणकाच्या सहा अक्षरी सांकेतिक आकड्यात. पॉवर बीआयमध्ये पट्टीचा रंग त्या तक्त्यातून घ्यायला सांगता येतो. टॅब्लोमध्ये रंग मूळ माहितीलाच बांधून टाकले की सगळी पानं तेच पाळतात. रिपोर्टिंग सर्व्हिसेसमध्ये दहा-बारा ओळींचं फंक्शन लिहावं लागतं. आणि एक्सेलवाल्या गरिबानं आठही ओळी कायम एकाच क्रमानं ठेवाव्यात, खरेदी शून्य असली तरी. शून्य लिहायला कुणाचं काय जातं? पण शून्य लिहिलं की ते दिसतं, आणि ओळच गाळली की दिसत नाही, हे तालुक्यांना आमच्याआधी कळलेलं होतं.

तक्ता तयार करायचा म्हणजे रंग वाटायचे. त्यासाठी स्वतंत्र बैठक लागली. लाल कुणालाच नको. लाल म्हणजे तूट. राखाडी नको, ते खरेदी केंद्र बंद पडल्यासारखं वाटतं. भगवा, निळा, हिरवा म्हटलं की मागच्या रांगेतून आवाज, “आचारसंहितेत चालंल का जी?” गुलाबी त्यातल्या त्यात निरुपद्रवी होता, पण 2024 च्या विधानसभेच्या प्रचारात एका पक्षाच्या जाकिटांनी तोही कामातून नेला.

पुन्हा मॅडमच धावून आल्या. त्यांनी साडीच्या दुकानातले रंग काढले, ज्यांच्यावर अजून कुठल्याच पक्षाची नजर गेलेली नाही. गोंदियाला चिंतामणी. अर्जुनी मोरगावला मोरपंखी. नावातच मोर, वाद नाही. आमगावला आमसुली, गोरेगावला वांगी. सालेकशाला अबोली, कारण तिथले प्रतिनिधी बैठकीत तोंडच उघडत नाहीत. डांबरी देऊ नका, अशी विनंती सडक अर्जुनीनं आधीच करून ठेवली होती. त्यांना मेंदी दिला. देवरीला श्रीखंडी दिला, तो पांढऱ्या कागदावर दिसेना, म्हणून त्याला बारीक काळी कडा मारली. तिरोड्याला राणी. प्रतिनिधींनी मोबाइलवर राणी रंग शोधला, शेजाऱ्याला दाखवला आणि मान डोलावली. लाल आणि हिरवा शेजारी ठेवले तर काही पुरुषांना फरक कळत नाही, हा माझा मुद्दा ऐकायची वेळच आली नाही. दोन्ही रंग आधीच बाद झाले होते.

पुढच्या सोमवारी चारही आलेखांत आठ तालुके आपापल्या रंगात उभे. फक्त शेवटच्या आलेखात नऊ पट्ट्या. माहिती दोन फायलींतून येते. एकीत तिरोड्याच्या इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी आर-ए होतं, दुसरीत डी-ए. ही दोन्ही स्पेलिंगं जिल्ह्यात पाट्यांवर सुखानं नांदतात, पण तक्त्यात एकच होतं. सॉफ्टवेअरनं दुसऱ्याला परका तालुका समजून आपल्या पदरचा निळा देऊन टाकला. राणी तिरोडा अर्धा, निळा तिरोडा अर्धा.

मी खाली मान घालून स्पेलिंग दुरुस्त करायला लागलो, तेवढ्यात तिरोड्याचे प्रतिनिधी खुर्ची पुढं ओढून म्हणाले, “राहू द्या न जी साहेब. दोन तिरोडे झाले, तं मंग बारदानाही डबल भेटंल ना?”