बिनपगारी वसुली कारकून

वर्ध्याच्या बजाज चौकातला दुकानदार असो की हिंगणघाटचा जिनिंगवाला, महाराष्ट्र सरकारने त्याला एक पद बहाल केलं आहे. वसुली कारकुनाचं. पगार शून्य. कामावरच्या माणसाच्या पगारातून महिन्याला दोनशे रुपये व्यवसाय कर कापायचा आणि सरकारजमा करायचा. फेब्रुवारीत मात्र तीनशे! राज्यघटनेने 1988 पासून या कराला वर्षाला 2,500 रुपयांची मर्यादा घातली आहे. अकरा महिने दोनशे कापून झाले की उरलेले तीनशे कुठंतरी बसवायला नकोत? म्हणून सगळ्यांत कमी दिवसांच्या महिन्याला सगळ्यांत जास्त कर.

महिन्याला दहा हजारांच्या वर रुपया मिळवणारा काउंटरवरचा पोरगा वर्षाचे 2,500 देतो. लाखभर पगार उचलणारा बँक मॅनेजरही तेवढेच देतो. समता म्हणतात ती ही. बायकांना एप्रिल 2023 पासून 25,000 पगारापर्यंत माफी आहे. ती आपल्या दुकानात पोचली का, हे ताईंनी पगाराच्या चिठ्ठीतच बघावं.

हा कायदा 1975 चा. रोजगार हमीला पैसा हवा होता. शहरातल्या पगारदाराने दुष्काळातल्या मजुराच्या रोजीला हातभार लावावा, असा त्यामागचा हिशेब. त्याला नाव ठेवायची माझी हिंमत नाही. नाव ठेवायचं ते पुढच्या कारभाराला. साडेसात ते दहा हजारांत पगार असलेला एकच गडी कामावर असला, तर कर महिन्याला 175 रुपये. लहान दुकानदाराचं विवरणपत्र वर्षातून एकदाच, 31 मार्चपर्यंत. ते महिनाभराहून जास्त लांबलं की विलंब शुल्क हजार रुपये, व्याज वेगळं. मालकाचे स्वतःचे 2,500 निराळे, त्याचा नंबरही निराळा, मुदत 30 जून. आणि ‘कापायचं राहून गेलं हो’ म्हटलं तर कायदा सांगतो, मग तुमच्या खिशातून भरा.

इथवर मी शेटजींच्या बाजूने. पण काही शेटजी कापायला कधीच विसरत नाहीत, विसरतात ते फक्त भरायला. पोराच्या पगारातून दोनशे गेले, चलान मात्र निघालंच नाही. तेवढ्यात गल्ला भरला. याच वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचा संसार मांडणारे कुमारप्पा पेशाने हिशेबतपासनीस होते. त्यांच्या गावात अशी वही चालावी, बाप्पा!

सरकारने हजाराचं शुल्क कराच्या रकमेला शोभेल इतकं खाली आणावं. आणि ज्यांच्या पगारात ‘पी.टी.’ म्हणजे याच व्यवसाय कराची कपात दिसते, त्यांनी मालकाला बिनधास्त विचारावं, ‘शेटजी, चलान दाखवता का?’