वानखेडेकाका

२ एप्रिल २०११ च्या रात्री, भारत-श्रीलंका वर्ल्डकप फायनलला, मुंबईच्या वानखेडे स्टेडियममध्ये ३३ हजारांच्या आसपास माणसं मावत होती. त्यानंतर मला भेटलेल्या आणि 'मी होतो तिथं' असं छातीठोक सांगणाऱ्यांना एकत्र बसवायचं म्हटलं, तर ओव्हल मैदान, आझाद मैदान आणि थोडा अरबी समुद्रही भाड्याने घ्यावा लागेल. ही जात सगळीकडे आढळते. लग्नाच्या पंगतीत आढळते, बँकेच्या रांगेत आढळते, न्हाव्याकडे तर हमखास. पण तिचा अस्सल नमुना पाहायचा असेल, तर मुंबईत शोधू नका. दुधनीला या.

सिल्वासाहून खानवेलमार्गे चाळीसेक किलोमीटर डोंगरवळणं घेत गेलं की रस्ता दुधनीला पाण्यापाशी येऊन थांबतो. दमणगंगेवर मधुबन धरण झालं आणि तिचं पाणी इथवर पसरलं. आता तिथे काश्मिरी थाटाचे शिकारे फिरतात. सुरतेचे, वापीचे, नाशिकचे, मुंबईचे पाहुणे शनिवार-रविवारी येतात, फोटो काढतात, भजी खातात आणि कोणाच्या तरी होडीत बसतात. वानखेडेकाकांच्या होडीत बसलेल्यांना तळं कमी आणि फायनल जास्त दिसते.

काकांचं आडनाव वानखेडे नाही. खरं आडनाव आता तलाठ्यालासुद्धा रजिस्टर उघडल्याशिवाय आठवणार नाही. साठीच्या आसपासचं वय, अंगात निळी जर्सी (मूळची निळी, आता आकाशी), डोक्याला उपरणं. वारली, मराठी, गुजराती, हिंदी या चारही भाषांत ते एकाच वाक्यात सहज वावरतात. पाहुणा होडीत पाय ठेवतो न ठेवतो तोच 'बेसो, बेसो शेठ' होतं. दुसऱ्या वल्ह्याला 'कुठून आले तुम्ही?' हा प्रश्न येतो. हा प्रश्न शिष्टाचाराचा नाही. कुठली आवृत्ती काढायची, ते त्यावर ठरतं.

पाहुणा भरूच-अंकलेश्वरकडचा निघाला, तर फायनल मुनाफ पटेलने जिंकलेली असते. 'आपला इखरचा पोऱ्या! ९ ओव्हर, ४१ रन. बाकी सगळे मार खात होते. नेहराचं बोट मोडलं म्हणून घेतलेल्या श्रीशांतने ८ ओव्हरमध्ये ५२ दिले. मुनाफ नसता तर साडेतीनशे झाले असते, शेठ.' पाहुणा नगरचा असला, तर श्रीरामपूरचा झहीर पुढे येतो. पहिल्या ५ ओव्हरमध्ये ३ मेडन, ६ रन आणि थरंगाची विकेट. त्याच झहीरला शेवटच्या ओव्हरमध्ये १८ पडले, हे नगरवाल्यांना सांगितलं जात नाही. दिल्लीवाल्यांसाठी गंभीरची ९७ धावांची चिखलाने माखलेली जर्सी राखून ठेवलेली आहे. एकदा श्रीलंकेला जाऊन आलेलं एक जोडपं होडीत होतं, तर काकांनी जयवर्धनेच्या नाबाद १०३ धावांवर अर्धं तळं खर्च केलं. 'शंभर मारून हरला बिचारा' म्हणताना त्यांचा गळाही दाटून आला होता.

मराठी पाहुण्यांना, त्यातही पुण्याच्या, आधी इतिहासाची पोच मिळते. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा पोर्तुगीजांकडून सुटलं, त्या लढ्यात सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते, हे ऐकून पुणेकर हळवे होतात. या दोघांचं असणं इतिहासात नोंदलेलं आहे, तेव्हा इथे काकांना काही घालावं लागत नाही. तेव्हा त्यांचा जन्म झालेला नव्हता हे आपलं नशीब, नाहीतर त्या यादीत आणखी एक नाव वाढलं असतं.

पण काकांची खरी हुकमी चीज म्हणजे टॉस. त्या दिवशी टॉस दोनदा झाला, हे क्रिकेटवेड्यांना ठाऊक आहे. धोनीने नाणं उडवलं, संगकाराने काहीतरी म्हटलं, आणि गलक्यात ते मॅच रेफरी जेफ क्रो यांना ऐकूच आलं नाही. म्हणून पुन्हा नाणं उडवलं आणि श्रीलंकेने टॉस जिंकून बॅटिंग घेतली. हा गलका कुणाचा होता?

'माझा,' काका सांगतात.

३३ हजार माणसं ओरडत असताना नेमका यांचाच आवाज रेफरीच्या कानात शिरला, असं त्यांचं ठाम म्हणणं आहे. पुरावा म्हणून ते तिथेच, तळ्याच्या मध्यावर, तोच आवाज काढून दाखवतात. समोरच्या डोंगरावरून तो परत येतो. होडीतली लहान मुलं रडायला लागतात. यानंतर शंका घ्यायची कुणाची टाप नसते.

तरी काही नग असतातच. एकदा बोरिवलीहून आलेला एक चौकस गृहस्थ होता. काका रंगात आले होते. 'मलिंगा आला. दुसऱ्याच बॉलला सेहवाग एलबी. शून्य! सगळं स्टेडियम सुन्न. आणि लगेच जाहिरात लागली...'

'स्टेडियममध्ये जाहिरात?' गृहस्थांनी पकडलं.

वल्हं थांबलं नाही. 'मोठा पडदा असतो तिथं, साहेब. तुम्ही गेला नव्हता ना?'

हा 'तुम्ही गेला नव्हता ना?' म्हणजे काकांचं ब्रह्मास्त्र. सचिन १८ वर आउट झाला तेव्हा लाइट गेली, हेही त्यावर खपतं. ('फ्लडलाइट नाही हो, पलीकडच्या बिल्डिंगची.') कॉमेंट्रीत रवी शास्त्री काय बोलला ते शब्दशः ऐकू आलं, तेही खपतं. कोहली गेल्यावर युवराजच्या आधी धोनी आला, तो मुरलीधरनला चेन्नईच्या टीममधून ओळखत होता म्हणून, असं जगाला सांगितलं गेलं. काकांकडची माहिती अशी की त्यांनी 'माही, तू जा' म्हणून दोनदा हात केला होता. २०२३ साली मुंबई क्रिकेट असोसिएशनने धोनीचा तो शेवटचा, विजयी षटकार जिथे पडला, त्या खुर्च्यांचं स्मारक करायचं ठरवलं आणि स्वतः धोनी तिथे येऊन गेला. ही बातमी आल्यापासून काकांची जागाही सरकत सरकत त्या खुर्च्यांपर्यंत येऊन पोचली आहे. आधी ते समोरच्या बाजूला बसत असत.

गावात सगळ्यांना माहीत आहे की त्या शनिवारी काका खानवेलच्या एका दुकानात टीव्हीसमोर, फडताळाला टेकून, सहा तास उभे होते. जाहिरात तिथे लागली आणि लाइटही तिथलीच गेली. पण कुणी त्यांना खोटं पाडत नाही. काकूंना मी एकदा सरळ विचारलं. त्या मासे साफ करत होत्या. 'गेले होते की,' त्या मान वर न करता म्हणाल्या. 'कुठे गेले होते ते विचारू नका. म्याच सांगितली की बक्षिशी डबल येते.'

माझं मत विचाराल, तर काकांवर खोटेपणाचा आरोप ठेवणं अन्यायाचं आहे. २७५ चं लक्ष्य, ११४ वर ३, ४८.२ ओव्हर, २७७ वर ४, धोनी नाबाद ९१, युवराज नाबाद २१. एक आकडा चुकत नाही. निष्ठा याहून वेगळी कशी दिसते? तिकीट नसणं हा तांत्रिक मुद्दा आहे.

त्याच्या उलट, जे खरोखर गेले होते त्यांचं काय? असा एकच माणूस माझ्या ओळखीचा आहे. सिल्वासाच्या एका यार्न कारखान्यात हिशेब लिहितो. कुठून तरी तिकीट मिळालं, वापीहून सकाळच्या फ्लाइंग राणीच्या वरच्या मजल्यावर बसून गेला (तेव्हा तिला डबलडेकर डबे होते), मुंबई सेंट्रलला उतरला, लोकलने चर्चगेट. त्याला त्या दिवसाबद्दल विचारा. तो म्हणतो, 'गर्दी होती.' आणखी? 'पाण्याची बाटली आत नेऊ दिली नाही.' बरं, आणि मॅच? 'मॅच छान झाली.' त्याचा मुलगा शाळेत 'माझे बाबा फायनलला होते' म्हणून सांगायचा, तेव्हा पोरं हसायची. बाबांनी धड एकही गोष्ट पुरवली नव्हती.

मागच्या हिवाळ्यात हा हिशेबनीस सहकुटुंब दुधनीला आला आणि योगायोगाने काकांच्याच होडीत बसला. मीही होतो. (हे मात्र खरं आहे.) टॉसची आरोळी झाली, सेहवाग गेला, जाहिरात लागली. तेवढ्यात मुलगा म्हणाला, 'काका, माझे बाबा पण होते तिथे.'

वल्हं पहिल्यांदा थांबलं. 'कुठं बसलेले?'

'नॉर्थ स्टँड,' हिशेबनीस ओशाळून म्हणाला. मग थोडं थांबून, बायकोकडे न बघता, 'खरं सांगू का, शेवटची सिक्स मी पाहिलीच नाही. पुढचे सगळे उभे राहिले. आवाजावरून कळलं. कशी गेली हो?'

काकांनी वल्हं पाण्यातून बाहेर काढलं आणि दोन्ही हातांत धरलं. 'कुलसेकरा आला. लाँगऑनला फिल्डर होता. माहीने असं...' वल्हं फिरलं, होडी एका अंगाला झुकली, वहिनी किंचाळल्या, सगळे कमरेपर्यंत भिजले. षटकारानंतर धोनीने बॅट जशी गोल फिरवली होती तसं वल्हंही डोक्यावरून फिरलं. हिशेबनीस तोंड उघडं टाकून आकाशात चेंडू शोधत होता. 'वा!' तो म्हणाला. 'वा! असं होतं होय!' उतरताना त्याने पाचशेची नोट दिली, सुटे मागितले नाहीत, आणि मुलाला म्हणाला, 'बघ, मी होतो तेव्हा.'

त्यांची गाडी वळणापलीकडे गेल्यावर काका नोट घडी घालत माझ्याकडे सरकले.

'साहेब, तुमचा दोस्त आहे म्हणून तोंडावर बोललो नाही,' ते म्हणाले, 'पण हा माणूस काय गेला-बिला नव्हता. सिक्ससुद्धा माहीत नाही त्याला. असे लई येतात.'